चालू कॉम्प्युटरचं बिऱ्हाड

कोडेबाईंचा कॉम्प्युटर शेवटचा कधी बंद झाला होता, हे खुद्द त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तो चालू होता, लग्न लागलं तेव्हा चालू होता आणि लेक स्वतःची लेक कडेवर घेऊन माहेरी आली तेव्हाही तो खिडकीशेजारच्या टेबलाखाली म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरत होता. घरातली माणसं झोपायची, आजारी पडायची, गावाला जायची. मशीन मात्र जागं.

कोडेबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एका दैनिकासाठी त्या रोजचं शब्दकोडं रचायच्या, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनीही ते आनंदानं चालवून घेतलं. भाजीवाला पालेभाजी तोलता तोलता विचारायचा, "कोडेबाई, आज उभा सातवा काय हो?" त्या सांगायच्या नाहीत. "सांगितलं तर उद्याचं कोडं कोण सोडवणार?" असं म्हणून पिशवी उचलायच्या.

मशीन बंद न करण्याचं कारण तसं साधं होतं. त्यांचा आधीचा कॉम्प्युटर एका संध्याकाळी शहाण्यासारखा बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी काही केल्या उठला नाही. आठवडाभराची कोडी त्याच्या पोटात गेली. पुढे हा आला, हाही जुना झाला, आणि त्याच्या आतल्या पंख्यातली धूळ काढायला आलेला दुरुस्तीवाला जाता जाता बोलून गेला, "चालतंय तोवर चालू द्या बाई. बंद केलंत तर उठेलच असं नाही." तो बिचारा बोलला आणि विसरला. बाईंनी मात्र पदराला गाठ मारली. वीज गेली तर काय, म्हणून लेकीनं यूपीएस आणून दिला. वीज गेली की तो टूं टूं करत मशीनला काही वेळ तगवायचा.

आणि दुसरंही एक होतं. कोडेबाईंना पडद्यावरचं काही मिटवायचं जिवावर यायचं. अर्धी रचलेली कोडी उघडी, शब्दकोश उघडा, जाऊन परत आलेल्या प्रवासाचं बसचं वेळापत्रक उघडं, घेऊन झालेल्या धुलाई यंत्राची चौकशी उघडी. "लागलं तर?" असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यात अधूनमधून एक चौकट यायची, मशीन नव्यानं सुरू करू का म्हणून विचारायची. बाई न वाचताच 'नंतर' वर टिचकी मारायच्या.

त्यांचे यजमान बंदरावर क्रेन चालवायचे. जहाजाच्या पोटातून उचललेली पेटी ट्रकवर अशी अलगद टेकवायचे, की ट्रकमध्ये डुलकी घेणाऱ्या ड्रायव्हरची झोप मोडायची नाही. सोबती त्यांना कप्तान म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मात्र कप्तानांचं जहाज कोरड्यावर लागलं. सकाळी पेपर, मग स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या रांगा सरळ करणं, मग खिडकी. बायको कामात गढलेली असायची, तेव्हा ते मागून म्हणायचे, "या घरात एकटा हाच नोकरीवर आहे. मी आणि तो दोघं एका वयाचे दिसतो, पण त्याला कोणी रिटायर करत नाही." बोलायचे थट्टेनं, पण त्यात थोडं कडूही असायचं. बाईंना ते कळायचं. उपाय काही सुचायचा नाही.

मग गुडघ्यांनी दोघांचाही निर्णय करून टाकला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागच्याच रस्त्यावर तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. भांडी झाली, कपडे झाले, कपाट झालं. शेवटी टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यापाशी येऊन सगळं अडलं.

"बंद करायचा, उचलायचा, तिकडे लावायचा," कप्तान म्हणाले. "त्यात काय?"

"आणि नाही उठला तर?"

"नवा घेऊ."

 बाई नुसत्या खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात कप्तानांना त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचा जास्त धाक होता. ते टेबलाखाली वाकले. डबा पाहिला, यूपीएस पाहिला, दोघांमधली वीतभर वायर पाहिली. बराच वेळ वाकून राहिले. बाईंना वाटलं, पाठ धरली. पण ते उठले ते वेगळाच चेहरा घेऊन. त्या चेहऱ्याचा माणूस घरात पुष्कळ दिवसांत दिसला नव्हता.

"म्हणजे चालू माल हलवायचा," ते म्हणाले. "धक्का न लावता. बॅटरी संपायच्या आत. मला लेकीचा फोन लावून दे."

लेक फोनवर आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाबा, पडदा आधीच काढून न्या, म्हणजे बॅटरी जास्त पुरेल. आणि आतली डिस्क गरगर फिरत असते, तिला हिसका बसू देऊ नका."

त्या दिवसापासून कप्तान कामाला लागले. त्यांनी जुन्या मासिकांचं एक खोकं डब्याच्याच वजनाचं भरलं आणि ते घेऊन जिना उतरून पाहिला, चढून पाहिला. रस्त्यावर हातगाडी नको, फरशा उखडल्यात, दणके बसतील. मग काय? खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईंची बाळाची गाडी त्यांच्या नजरेत भरली. स्प्रिंगा चांगल्या, गादी मऊ, चाकं रबराची. सूनबाईंनी गाडी दिली. "कशाला हवी?" हे त्यांनी विचारलं होतं, पण उत्तर ऐकून त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

मदतीला झेंडे आला. हेही टोपणनावच. बंदरावर क्रेनखाली उभा राहून हातातल्या दोन झेंड्यांनी कप्तानांना वर, खाली, थांब असे इशारे देण्यात त्याची हयात गेली होती. त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "कप्तान, झेंडे आणू का?"

"आण," कप्तान म्हणाले.

ठरलेल्या सकाळी बाईंनी होती नव्हती ती सगळी कोडी जतन केली, तरी जीव टांगणीला होताच. मग झेंडेनं पडदा काढून आधी नव्या घरी नेऊन ठेवला. कप्तानांनी डब्याला दोन्ही हात घातले, झेंडेनं यूपीएस उचलला, आणि कप्तानांनी मान हलवल्यावर बाईंनी भिंतीतली पिन उपटली. टूं, टूं, टूं.

वायर वीतभरच असल्यामुळे दोघं पोक्त पुरुष एकमेकांना खेटून तीन पायांच्या शर्यतीसारखे जिना उतरू लागले. "डावा," झेंडे म्हणायचा. "उजवा. सावकाश. डावा." मागून बाई, दोन्ही हात पुढे करून, जणू डबा पडलाच तर त्या हवेतल्या हवेत झेलणार होत्या. एका वळणावर झेंडेचा डावा आणि कप्तानांचा उजवा एकाच पायरीवर आला. दोघं थिजले. टूं, टूं. "मागे घे," कप्तान शांतपणे म्हणाले, "मी उभा आहे." त्यांच्या हातातला डबा तसूभरही हलला नव्हता. बाईंनी आयुष्यात त्यांना कामावर कधी पाहिलं नव्हतं. बंदरात बायकांना कोण जाऊ देतं? त्यांना आज पहिल्यांदा कळलं, की त्या ट्रकवाल्यांची झोप का मोडत नसे.

खाली बाळाच्या गाडीत डबा आडवा निजवला, शेजारी यूपीएस, वरून पातळ चादर, धूळ उडू नये म्हणून. कप्तान गाडी ढकलू लागले. पुढे झेंडे दोन्ही झेंडे घेऊन. कोपऱ्यावर त्यानं एक झेंडा आडवा धरला आणि दूधवाल्याची गाडी, दोन सायकली आणि एक टॅक्सी मुकाट थांबल्या. का थांबलो, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

निम्म्या वाटेवर समोरून एक आजीबाई आल्या. गाडीतून अखंड टूं टूं ऐकून त्यांचा जीव कळवळला. "अगं बाई, किती रडतंय. भूक लागली असेल त्याला."

"हो ना," कोडेबाई म्हणाल्या. थांबून समजावायला वेळ नव्हता.

आजीबाईंनी चादरीचं टोक वर केलं, आत पाहिलं आणि चादर होती तशी खाली सोडली. "बापावर गेलंय," एवढं म्हणून त्या चालू लागल्या. कप्तान हसले नाहीत. त्यांना हसायला परवडणार नव्हतं, हसलं की हात हलतात.

नव्या घराच्या दारातून गाडी सरळ आत गेली. डबा टेबलाखाली टेकला, तोही असा, की फरशीला चाहूल लागू नये. बाईंनी पिन भिंतीत खोचली आणि बटण दाबलं.

टूं टूं चालूच राहिलं.

दुसऱ्या भिंतीतलं बटण दाबलं. काही नाही. दिवा लावून पाहिला, लागेना. आख्ख्या घरात वीज नव्हती. तिकडे यूपीएसचा सूर बदलला. आता तो थांबून थांबून नव्हे, एकसारखा कोकलू लागला. कप्तान भिंतीकडे बघत उभे राहिले. झेंडे मेन स्विच शोधायला धावला. या प्रसंगाची तालीम कोणी केली नव्हती.

कोडेबाईंनी मात्र क्षणभरही विचार केला नाही. त्या बाहेर पडल्या आणि शेजारचं दार ठोठावलं. दार उघडलं ते त्यांच्याच वयाच्या एका बाईंनी. डोक्याला काळा रंग चोपडलेला, गळ्याभोवती जुना टॉवेल.

"मी नवी शेजारीण," कोडेबाई धापा टाकत म्हणाल्या. "मला तुमची थोडी वीज हवी आहे."

"किती?" रंगवाल्या बाईंनी विचारलं, जणू वाटीभर साखर मागितली होती.

"आहे तेवढी. आत्ताच्या आत्ता."

त्या बाईंनी पुढे एक शब्द विचारला नाही. आत जाऊन मिक्सरसाठीची लांब एक्स्टेन्शनची वायर उपसली, एक टोक स्वतःच्या भिंतीत खोचलं आणि दुसरं खिडकीतून भिरकावलं. कोडेबाईंनी ते आपल्या खिडकीतून आत ओढलं, कप्तानांनी पिन जोडली, आणि तो कोकलणारा सूर एकदम थांबला. खोलीत शांतता पसरली. त्या शांततेत टेबलाखालून घुरघुर ऐकू आली.

झेंडे दारात आला. "मेन स्विच सापडला, बंदच करून ठेवलेला होता," तो म्हणाला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण कप्तान खुर्चीत बसून पोट धरून हसत होते. आजीबाईंच्या बोलण्यावरचं हसू त्यांनी आत्तापर्यंत राखून ठेवलं होतं. "बापावर गेलंय म्हणे," असं म्हणत ते डोळे पुसत राहिले.

संध्याकाळी घर भरलं. रंग धुऊन झाल्यावर शेजारीणबाई आल्या, वरच्या मजल्यावरची माणसं आली, आणि कप्तानांनी सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. कोणी नवं आलं की पुन्हा पहिल्यापासून. "एक क्षण बंद पडला नाही," हे ते दर वेळी बोट उभं करून सांगायचे. बाई टेबलाशी बसून एक कान तिकडे ठेवून उद्याचं कोडं पाहत होत्या. कोपऱ्यात ती चौकट आली. कप्तान तेव्हा नेमके जिन्यातल्या वळणाशी पोचले होते आणि आवाजात असा रंग भरला होता, की बाईंनी तिकडे बघता बघताच टिचकी मारली.

सकाळी चहाचा कप घेऊन त्या टेबलाशी आल्या, तर पडदा पुसल्यासारखा स्वच्छ. शब्दकोश नाही, वेळापत्रक नाही, धुलाई यंत्र नाही. एका बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की सुधारणा पूर्ण झाल्या आणि आपला संगणक नव्यानं सुरू झाला आहे. काल 'नंतर' च्या ऐवजी शेजारच्या 'आज रात्री' या बटणावर बोट पडलं होतं. मशीन बिनबोभाट झोपलं होतं आणि बिनबोभाट उठलं होतं.

बाई कप बाजूला ठेवून बसल्या. मग एकेक गोष्ट उघडून पाहू लागल्या. कोडी जागच्या जागी होती. गेलं होतं ते काल संध्याकाळी मांडलेलं, एका कोपऱ्यावर अडलेलं अर्धं कोडं, आणि संपादकांवर भडकून लिहिलेला राजीनामा, जो त्यांनी ना पाठवला होता, ना मिटवला होता. संपादक तर मध्यंतरी बदललेही होते. कोडं त्यांनी पुन्हा मांडलं. अडलेल्या कोपऱ्यात या खेपेला अगदी वेगळा शब्द बसला आणि चारी बाजू जुळून आल्या. शिवाय मशीन कसं चालत होतं, म्हणाल तर, पायात पैंजण घातल्यासारखं. अगोदर एक शब्द शोधायला लावला की तोवर कणीक मळून व्हायची.

हे कप्तानांना सांगायला त्या उठल्या. कप्तान दारापुढच्या ओट्यावर उभे राहून शेजारीणबाईंना रिकाम्या हातांनी दाखवत होते, डबा कसा धरला, कसा टेकवला. खांदे सरळ, हनुवटी वर.

"एकदाही बंद पडला नाही?" शेजारीणबाईंनी दारात आलेल्या कोडेबाईंना विचारलं.

"यांच्या हातात होता तोवर तर नाहीच," कोडेबाई म्हणाल्या, आणि चहा झाला का म्हणून विचारून आत गेल्या.

त्यांनी ते सांगितलं नाही ते नाहीच. पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्यांना माशांची मोठी काचपेटी एका खोलीतून दुसरीकडे न्यायची होती, पाण्यासकट, माशांसकट. त्यांनी कप्तानांना बोलावलं. मग कोणाचं उंच घड्याळ, कोणाचा आरसा. झेंडेलाही हाका जाऊ लागल्या. डब्यांच्या रांगा आता वाकड्या असतात आणि कप्तानांना त्याचं काही नसतं.

ते असे कामगिरीवर गेले, की कोडेबाई मशीन नीट बंद करतात, त्यालाही जरा डुलकी मिळू देतात आणि स्वतः खिडकीशी पाय पसरून बसतात. दारात चपला वाजायच्या आधी बटण दाबलेलं असतं. "काय, चालू आहे ना?" कप्तान आत येता येता विचारतात.

"चालू आहे हो," बाई म्हणतात. "तुमचे मासे कसे आहेत, ते सांगा."