बर्फ इकडून गेला

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले आमचे काका भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यांचं बोट मात्र झालं नाही. स्कूटरवर, फरशीवर, कुठंही ओरखडा दिसला की त्यावर बोट फिरवायचं आणि पुटपुटायचं, "इकडून आला, तिकडं गेला."

आमच्या राज्याच्या उत्तरेकडच्या सालवनातल्या एका खडकावर त्यांनी माझंही बोट फिरवलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून बर्फाचा अवाढव्य थर सरकला होता. त्याच्या पोटाखालच्या दगडांनी खडक ओरबाडला होता. त्या ओरखड्यांवरून बर्फाची वाट कळते.

"सरकून राहिला, पोट्टी. ऐक."

मला ऐकू येत होता फक्त क्रशर. हा खडक फोडून गिट्टी करणार, गिट्टी! मी संतापून पत्रक छापलं: 'आपला बर्फ वाचवा!'

जनसुनावणीत गावातल्या बाया विचारू लागल्या, "बरफ कहाँ हे, दीदी?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शेरा मारला: मौके पर बर्फ नहीं मिला. मी भडकले.

काका म्हणाले, "बरोबर लिहिलं त्यानं. 'होता' लिहायचं सोडून तू 'वाचवा' काहून लिहिलं?"

मशीन आलं तेव्हा मी घोषणा देत होते. काकांनी चपला काढल्या, ओरखड्यांच्या दिशेनं खडकावर आडवे झाले आणि डोळे मिटले. मीही घोषणा देतच शेजारी पडले. सावलीतला दगड पाठीला गार लागला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "हल्ला मत कर, दीदी," गोंगाट थांबवायला तो मलाच दटावून म्हणाला, "बबा सुत गे हे."

काका झोपले नव्हते. त्यांचं बोट हळूहळू सरकत होतं, इकडून तिकडं.