दोन्ही हात वर

सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, कार्ल्सरूहेला आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी निकाल दिला, "सूनबाई, नात गोड आहे, पण उलट बोलते." ती उलट बोलत नव्हती, जर्मनमध्ये बोलत होती. आजोबांचं मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र जर्मनमध्ये, तेही तोडून टाकल्यासारखं. मला ते लागलं. अकरा वर्षांच्या पोरीला वळण लावलं नाही, हा ठपका शेवटी कुणाच्या माथी येतो, ते काय सांगायला हवं!

नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजची धावपळ होती, म्हणून सुट्टीत आम्ही तिघंच गाडी काढून लिक्टेनश्टाइनला गेलो. सासऱ्यांनी उभा जन्म सह्याद्रीतले किल्ले पालथे घालण्यात घालवलाय. एखाद्या तालुक्याहूनही लहान असलेल्या त्या देशात डोंगरभर पायवाटा आहेत, हे ऐकल्यापासून त्यांचे पाय शिवशिवत होते.

मालबुन गावातून वर निघालो. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, लागणारा वेळ लिहिलेला असतो. दोन तास लिहिलेत म्हटल्यावर सासऱ्यांना दीड तासात पोचायचंच होतं. "सत्तरीच्या म्हाताऱ्याला हा डोंगर काय दमवणार!" दर वळणावर पाण्यासाठी थांबायची मीच, आणि लेक पुढे जाऊन दगडावर आमची वाट बघत बसायची. खरं सांगते, मजा येत होती.

आम्ही वर धारेवर पोचलो आणि समोरच्या डोंगरामागून एक लाल हेलिकॉप्टर आलं. आपल्याकडे हेलिकॉप्टर दिसलं की म्हाताऱ्याचंही पोर होतं. सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली, दोन्ही हात उंच केले आणि हाका मारायला लागले.

लेक किंचाळली, "ओपा, नाइन! आर्मे रुन्टर!"

आजोबा, नको, हात खाली करा, एवढंच ती म्हणत होती. पण हुकूम सोडावा तसं, आणि वर त्यांचा दंड धरून ओढत. माझं डोकं फिरलं. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं. मी तिचं मनगट धरून तिला मागे खेचलं.

"आजोबांशी असं बोलतात? गप्प उभी राहा!"

"आई, आबर..." तिचा 'पण' मी मधेच तोडला.

"एक शब्द नको!"

हेलिकॉप्टर वळलं.

"बघ, बघ, आपल्याकडेच येतंय!" सासरे म्हणाले. खरंच आलं. आमच्या डोक्यावर येऊन थांबलं. गवत आडवं झालं, सासऱ्यांची टोपी हातातून उडून दरीत गेली, आणि उघड्या दारातून हेल्मेट घातलेला एक माणूस वाकून आमच्याकडे पाहू लागला. सासरे अजूनही हात हलवत होते. मला तरीही काही कळलं नव्हतं. लेकीने हिसडा मारून मनगट सोडवलं, पुढे पळाली आणि एक हात वर, एक हात खाली, अशी ताठ उभी राहिली. हेलिकॉप्टर आणखी थोडा वेळ थांबलं. मग कलून समोरच्या डोंगराकडे निघून गेलं.

"दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी," ती रडत जर्मनमध्ये म्हणाली. "एक वर, एक खाली म्हणजे नको. फ्रिजवर लावलंय ते, आई."

लावलं होतं खरं. चढाईच्या क्लासमधून तिने आणलेलं चित्र. त्याच्यावर मी कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक लावून टाकलं होतं. सासऱ्यांना एवढंच म्हटलं, "बाबा, इथे हेलिकॉप्टरला हात दाखवत नाहीत." पुढे बसून डबा उघडला आणि दोघांना वाढलं.

दोनेक तासांनी उतरताना वाटेत डोंगरातली एक खानावळ लागली. बाकावर साठीचा एक माणूस बसला होता. पायाशी दोन सॅक, एक मोठी आणि एक लहान, जांभळी. तो खानावळीतल्या बाईला सांगत होता आणि मला शब्दन् शब्द कळत होता. बायको घसरली, डोक्यातून रक्त येत होतं. फोन लागला, हेलिकॉप्टर दिसलंही. "आणि मग ते दुसरीकडेच वळलं. मी तिला म्हणत होतो, येतंय, येतंय. तिने डोळे मिटले." नंतर ते आलं, तिला घेऊन गेलं. आता तो हॉस्पिटलच्या फोनची वाट पाहत होता.

किती वेळ गेला असेल आमच्यापायी? दोन मिनिटं? पाच? मला माहीत नव्हतं. त्याला माहीत असणार.

"काय म्हणतोय गं तो?" सासऱ्यांनी विचारलं. "बरा दिसत नाही."

"बायको पडली त्याची. हेलिकॉप्टरने नेली. बरी आहे आता."

इतकं सहज खोटं माझ्या तोंडून निघालं, याचा मला आजही धक्का बसतो.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांसमोर जाऊन उभी राहिली आणि एकेक शब्द शोधत मराठीत बोलली. "आजोबा, ते हेलिकॉप्टर त्यांच्याकडे जात होतं. आपण हात वर केले, म्हणून आपल्याकडे आलं. ती आजी बरी आहे की नाही, त्यांना अजून माहीत नाही. मी सांगत होते. आईने मला बोलू दिलं नाही."

सासरे बोडक्या डोक्यानेच उठले, त्या माणसासमोर गेले आणि हात जोडले. तो गोंधळून पाहत राहिला.

"सूनबाई, इकडे ये," ते मागे न वळता म्हणाले. "मी बोलतो ते त्याला सांग. एक शब्द गाळू नकोस."

त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. मी तो जसाच्या तसा सांगितला. आणि मग लेकीचं मनगट कुणी धरलं होतं, तेही सांगितलं. फोन अजून वाजला नव्हता.