अक्कांचं सकाळचं दुखणं

धुळ्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांच्या दुखण्यावर गल्लीत कुणाचाच भरवसा नव्हता. सकाळी त्यांचे हात खांद्याच्या वर जात नसत, खाटेवरून उठवायला सून लागे. आणि दुपारी त्याच अक्का ओट्यावर पापड लाटताना दिसत. "कामाच्या वेळेलाच बरं दुखतं," सून म्हणायची. मलाही ते पटायचं.

एकदा सकाळी मी विरजण मागायला गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. कंगवा धरलेला हात गुडघ्यावर टेकवून, डोकंच खाली नेऊन अक्का केस विंचरत होत्या. बघायला कुणी नसताना कोण नाटक करील?

मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "म्हातारपणी सांध्या-स्नायूंना अशी सूज येते, सकाळी जास्त आखडतं," ते म्हणाले. "या गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करू नका." तीन-चार दिवसांत अक्का सकाळीच दोरीवर धुणं वाळत घालू लागल्या.

सून हसली. "चार गोळ्यांत पळालं! म्हणजे दुखणं नव्हतंच."

पुढच्या आठवड्यात अक्का पुन्हा खाटेवर आखडून पडलेल्या दिसल्या.

"अक्का, गोळ्या?" मी घाबरून विचारलं.

"बंद करी टाक्यात," त्या त्यांच्या अहिराणीत शांतपणे म्हणाल्या. "आते बठ्ठासले, सुनले, गल्लीले, मन्हं दुखनं खरं वाटी."