भिवंडी ते कुडूस : दोन पोरं घेऊन गायला निघाले तेव्हा

"पोरांना सोबत घेऊन जा. तिन्ही कार्यक्रम कर. परत आल्यावर ती दोघं जे म्हणतील ते ऐकायचं. नको म्हणाली, तर गाणं बंद." आमच्या ह्यांनी जेवता जेवता अट घातली आणि मी भात वाढता वाढता म्हटलं, "कबूल." आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला उन्हाळा होता तो. मी तेव्हा तेहतीसची. आता ऐंशी ओलांडली, नातीने हा ब्लॉग काढून दिलाय, आणि लोक विचारतात की भिवंडीहून एक-दोन दिवसांत कुठे जाऊन येता येईल. तर माझा हा तीन दिवसांचा प्रवास वाचा. वाटेत गरम पाण्याची कुंडं आहेत, ताडगोळे आहेत, आणि माझी एक भलीमोठी फजिती आहे.

आधी घरचं सांगते. हे यंत्रमागावर कामाला. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची. मी घरी कांडी भरायचे, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी. आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत गायचे. जयंती चौदा एप्रिलची, पण आमच्याकडे तिचे कार्यक्रम जून लागेपर्यंत चालतात. शहरातली प्रत्येक वस्ती आपल्या सोयीचा दिवस धरते. त्यामुळे दोन महिने माझा पाय घरात ठरायचा नाही. तेरा वर्षांची सुजाता भाकऱ्या थापायची. मिलिंद पंधराचा. त्याला शाळेत एकाने विचारलं, "तेरी माँ तमाशे में जाती है क्या?" ह्याने त्याचं नाक फोडलं. स्वतःचा सदरा फाडून घरी आला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यावरून ती अट आली. मला ह्यांचा राग आला नाही, खोटं कशाला बोलू? राग आला तो पोरांच्या हातात माझा गळा दिला याचा. पण मी म्हटलं, बघू तर खरं.

शुक्रवारी निघालो. भिवंडीत मागांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून हे स्टँडवर सोडायला आले. वाड्याची लाल एसटी. मी, दोन पोरं, पेटी वाजवणारे आमचे मास्तर आणि ढोलकीवाला बाबू. बाकीचे कोरसवाले पुढे गेले होते. कंडक्टर म्हणाला, "पेटीचं पण तिकीट लागेल." मास्तर म्हणाले, "मांडीवर घेतो की." "मांडीवर पोरगं घेतात, मास्तर!" सगळी गाडी हसली. मिलिंद तेवढा खिडकीबाहेर तोंड करून बसला. आपण ह्या लोकांबरोबर नाहीच, अशा थाटात.

नदीनाका गेला, शेलार गेलं, आणि मागांच्या शेडी हळूहळू मागे पडल्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. पुढे रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना भाताची उघडी शेतं, मे महिन्यात नुसती करपलेली. आज तुम्ही गेलात तर गोदामं आणि कंटेनर दिसतील आणि खड्ड्यांत कंबर मोडेल. सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर ट्रकांच्या मागे रांगत बसाल.

अंबाडी नाक्याला उतरून अर्धा-पाऊण तास पायी. पोरांना तहान लागली म्हणून ताडगोळे घेतले. सुजाता खाताना अंगभर रस सांडून घेत होती, आणि मिलिंदही खात होता. रुसलेला माणूस ताडगोळा खाताना फार वेळ रुसून राहू शकत नाही. सोलायला दोन्ही हात लागतात. वस्तीवर पोचलो तर शकुंतलाबाई म्हणून घरधनीण होती, तिने उंबऱ्यावरच पाणी दिलं. "पोरांना आनलंत ते ब्येस केलंत. घरी ठेवून आलं की गान्यात ध्यान न्हाय ऱ्हात," ती म्हणाली. मिलिंदने मान खाली घातली.

गावात वीज नव्हती, म्हणून कार्यक्रम चार वाजताच. आंब्याखाली मांडव, समोर शे-दीडशे माणसं. मास्तरांनी सूर दिला, मी पहिलं गाणं उचललं आणि... बाई गं! दुसऱ्या कडव्यालाच गाणं माझ्या हातून सुटलं. मी पुढे, ढोलकी मागे. बाबू धावतोय, मी त्याच्याहून जोरात धावतेय. कोरसला ध्रुवपद धरायला जागाच नाही. तिसरं कडवं संपलं तेव्हा ढोलकी अजून अर्ध्यातच होती. मास्तर पेटीवरून वाकून म्हणाले, "बाई, शेवटची गाडी सुटतीये का तुमची?" पुढे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कशीबशी चार गाणी म्हटली. बारा वर्षं गात होते मी, आणि गावाने टाळ्या वाजवल्या त्या दया येऊन.

संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर आली. मिलिंदचं उत्तर ठरलं हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. सुजाता मात्र भाकरी मोडता मोडता सहज म्हणाली, "आई, इथे माग नाहीत ना."

"म्हणजे?"

"तू घरी मागावर गातेस. भिंतीपलीकडे खटाक-खट चालू असतं त्याच्यावर. इथे काहीच वाजत नाही."

मी घास खाली ठेवला. आमच्या खोलीची मागची भिंत आणि शेठच्या मागांच्या शेडची भिंत एकच. बारा माग, दिवसरात्र. मी त्यांच्याच ठेक्यावर कांडी भरायचे आणि त्यांच्याच ठेक्यावर रियाज करायचे. तोवर कार्यक्रम शहरातच केले होते, आणि तिथेही आजूबाजूला कुठेतरी माग असायचाच. बारा वर्षं माझी लय मी सांभाळतेय असं मला वाटत होतं, आणि सांभाळत होता शेठचा माग! हे आम्हा भिवंडीकरांचंच होऊ शकतं, दुसऱ्या कोणाचं नाही. मला हसू पण आलं आणि रडू पण. मग म्हटलं, रडून काय होणार? अजून दोन कार्यक्रम आहेत.

शनिवारी पहाटे उठून वज्रेश्वरीच्या कुंडांवर गेलो. अंबाडीहून जवळच आहे, बैलगाडी मिळाली. तानसा नदीच्या काठाला गंधकाचा वास, आणि पाणी इतकं कढत की पाय घातला की ओरड. सुजाता तीन वेळा घातला-काढला करत राहिली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जरूर जावं, पण आधी कमी गरम कुंडात बसा, हे मी अनुभवाने सांगते. पोरं पाण्यात असताना मी नदीकाठच्या खडकावर जाऊन बसले आणि उजव्या पायाच्या टाचेने ठेका धरून तेच पहिलं गाणं म्हणायला लागले. चुकलं. परत म्हटलं. परत चुकलं. अंघोळीला आलेले लोक बघत होते, बघू देत. किती वेळा म्हटलं देव जाणे. टाच सोलवटली, तेव्हा एकदाचं गाणं पायाखाली आलं.

मिलिंद ओले केस घेऊन मागे उभा होता. "पाय बघ तुझा," तो म्हणाला.

"बघितला."

"दुखत नाही का?"

"दुखतोय. पण तू मला गप्प करायच्या आधी मला नीट गाऊन दाखवायचंय."

असं मी पोराला बोलायला नको होतं, पण बोलले. तो जाऊन माझ्या चपला घेऊन आला.

त्या दिवशीचा कार्यक्रम तानसेपलीकडच्या एका पाड्यावर झाला. बरा झाला. बाबू नंतर म्हणाला, "आज ढोलकी वाजवल्यासारखं वाटलं, काल कुत्रं मागे लागलं होतं." एवढं पुरे होतं मला.

रविवारी कुडूस. तिथून वाडा जवळ, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं बैलगाड्या जोडून आलेली. तीन दिवसांतली सगळ्यात मोठी गर्दी. पोचल्या पोचल्या वालाचं बिरडं आणि कोलमचा भात मिळाला. त्या तांदळाचा वासच असा की भूक नसली तरी माणूस बसतो. तिकडे गेलात तर तांदूळ घेतल्याशिवाय येऊ नका. भोंगा ट्रकच्या बॅटरीवर लावला होता. दोन गाणी झाली आणि तिसऱ्याला माईकने घरघर केली आणि मेला! भोंगेवाला तारा ओढून बघतोय, मागची माणसं उठायला लागली. मास्तर म्हणाले, "थांबू या का?"

मी गर्दीकडे बघितलं. अगदी मागे, गाड्यांच्या जवळ, मिलिंद एका चाकावर चढून उभा होता. त्याने हात वर केला, कानापाशी बोटं नेऊन हलवली आणि मग तळवा वर-वर उचलला. मागाच्या शेडमध्ये कोणाचा शब्द कोणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळे कामगार अशा खुणांनी बोलतात, आणि कामगारांची पोरं बोलायला लागायच्या आधी त्या शिकतात. ऐकू येत नाही, आवाज वाढव, एवढंच त्याने सांगितलं. बारा मागांच्या डोक्यावरून गायला शिकलेला गळा होता माझा. मी माईक बाजूला केला, टाच जमिनीवर आपटली आणि गाणं वर उचललं. उठलेली माणसं बसली. मिलिंदने तळवा आडवा धरला, म्हणजे पुरे, पोचतंय. पुढची सात गाणी मी तशीच म्हटली. मध्ये भोंगा दुरुस्त झाला तर मागून कोणीतरी ओरडलं, "ऱ्हाऊ द्या तो भोंगा! बाईचा आवाज आयकू येतो हाय!" आयुष्यात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

सोमवारी सकाळच्या एसटीने परत आलो. सुजाता माझ्या खांद्यावर झोपली, मिलिंद पेटी मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टर वेगळा होता, त्याने तिकीट मागितलं नाही.

हे घरी वाट बघत होते. चूल पेटवलेली, चहा केलेला, साखर दुप्पट. सगळे बसलो. ह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मग? काय ठरलं तुमचं? आईने गावं का नाही?"

सुजाताने मिलिंदकडे बघितलं. मिलिंदने तोंड उघडलं.

"थांब," मी म्हटलं. "सांगू नकोस."

हे म्हणाले, "अगं, कबूल केलं होतंस तू."

"केलं होतं. चुकलं माझं. आज हा हो म्हणाला तर उद्या नाही म्हणायचा हक्क पण त्याचाच झाला. मी गाणार. आता बोलायचं असेल तर हे बोला, की मी नसेन तेव्हा भाकऱ्या कोण थापणार, कारण सुजाता थापणार नाही. ती अभ्यास करणार."

भिंतीपलीकडे माग चालू होते. मग हे म्हणाले, "भात मला येतो." मिलिंद उठला आणि हंडा घेऊन नळावर गेला. दिवसाची शिफ्ट असली की भात ह्यांचा, पाणी मिलिंदचं, रात्रपाळीच्या आठवड्यात मी बाहेरगावचे कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असं आपोआप बसत गेलं. भात कधी करपायचा, पाणी कधी सांडायचं, भांडणं तर व्हायचीच. पुढे एकवीस वर्षं गायले मी. सुजाता शिक्षिका झाली. तिला आजही गोल भाकरी येत नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर टाचेवरचा ठेका उरला. माग नसलेल्या कुठल्याही गावात मी नंतर बिनधास्त गायले. आणि एक प्रश्न उरला होता. परवा हे सगळं नातीकडून टाइप करून घेतलं आणि मिलिंदला वाचून दाखवलं. तो आता स्वतः निवृत्त झालाय. शेवटापर्यंत ऐकलं त्याने. मग मी विचारलंच, "त्या दिवशी काय म्हणणार होतास रे?"

"नको म्हणणार होतो," तो म्हणाला.

"कुडूसनंतर पण? लाज वाटत होती?"

"लाज पहिल्या दिवशी वाटली. कुडूसला भीती वाटली, आई. मी हात वर केला, तू बघितलंस, आवाज चढवलास. पुरे, पोचतंय म्हणून खूण केली, आणि त्यानंतर सात गाणी झाली तरी एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, हिला आता आम्ही कोणी आठवतच नाही."

मी त्याचा हात धरला. पासष्टीला आलेला माझा पोरगा, त्याच्याशी आता काय खोटं बोलायचं?

"खरंय," मी म्हटलं. "नव्हतं आठवत कोणी."