कोळ्याला आग्रह

जठारपेठेत मासे आणि काचेच्या पेट्या विकणाऱ्या त्या माणसाचे नाव मी कधी विचारले नाही. अमरावतीचा भाचा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि त्याने पाळलेले टॅरँटुला कोळ्याचे पिल्लू माझ्याकडे आले. नवी पेटी याच दुकानातून घेतली. पिल्लू नारळाच्या भुशात बीळ करून बसले आणि काही खाईना. ते मरेल या धास्तीने मी रोज एक जिवंत रातकिडा आत सोडायचो आणि रोज दुकानात तक्रार घेऊन जायचो.

तो माझ्याकडे न बघता जाळीने मासे पकडत राहायचा.

आठव्या दिवशी त्याने जाळी बादलीवर आपटली. "साहेब, तो का पाहुणा आहे, आग्रह करकरून जेवू घालाले? कात टाकून राहिला असंन तो. अंग नरम असते तवा. तुमचे किडेच त्याले खाऊन टाकतीन! काढा ते पहिले."

"पण उपाशी मेलं तर?"

"माह्यावाला पहिला खाऊ घालूनच मेला."

त्याच्या बोलण्याचा राग आला, पण घरी जाऊन मी सगळे किडे काढले.

आठवड्याने बिळाच्या तोंडाशी कात दिसली, शेजारी पिल्लू, आधीपेक्षा मोठे. मोबाइलवर त्याचा फोटो काढून दुकानात नेला. दुकानदाराने तो बराच वेळ मोठा करून पाहिला.

"जिता हाये. दात कडक होऊ द्या त्याचे. किडा न्यायले पाच दिवसांनी या."

मी चौथ्या दिवशी गेलो. मला येताना पाहून त्याने रातकिड्यांचा डबा काउंटरखाली सरकवला.