मायचं जाळं खुंटीवर होतं

लोक म्हणतात, बायका लाजेपायी लपवतात आणि मरतात.

माझ्या मायनं काहीच लपवलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

आज मायची पुण्यतिथी. दरवर्षी फोटो टाकून गप्प बसते. यंदा लिहिते.

आमचं गाव चिमूरकडचं. आम्ही ढिवर. सकाळी बाबा आणि माय दोघंही जाळं घेऊन तलावात उतरायचे. उन्हं वर आली की माय टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात. तोंडाची भारी तिखट! कोणी मासा उगाच दाबून पाहिला की म्हणायची, "घ्याचा हाय त घे भाऊ, नाई त ठेव. पोरगी पाहाले आला का?"

आमच्यात एक रीत होती. पाळीच्या दिवसांत बाईनं जाळ्याला हात लावायचा नाही, तलावात उतरायचं नाही. मासा रुसतो म्हणे.
तेवढे दिवस तिचं जाळं दारातल्या खुंटीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला आपोआप कळायचं.

मायची पाळी कायमची बंद झाली तेव्हा ती काय खूश होती! "आता बाराही महिने जाळं माह्या हातात," म्हणायची.

काही वर्षं गेली. मी तेव्हा नागपूरला बीएस्सी करत होते. एकदा सुट्टीत घरी आले तर जाळं खुंटीवर.

"काऊन वो माय?"

"काय सांगू बाई, पुन्हा सुरू झालं."

शेजारची शेवंताकाकू फिदीफिदी हसली. "तुही माय पुन्हा जवान होऊन राह्यली वो!"

मायही हसली. सगळेच हसलो.

दिवाळीला आले, जाळं खुंटीवर.
होळीला आले, खुंटीवरच.

बाबा एकटेच तलावात जायचे. माय कंबर धरून दारात बसायची. या वयातही रीत पाळते म्हणून बायका तिचं कौतुक करायच्या.
कौतुक! अरे देवा.

मग गावात तपासणीचं शिबिर आलं. शाळेत पडदे लावून बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची स्लाइड घेत होते. बाकीच्या बायका कोपऱ्यात कुजबुजत उभ्या. माय सगळ्यात आधी गेली. तिला बरं व्हायचं होतं, तलावात जायचं होतं.

दाराशी सिस्टरनं विचारलं, "पाळी सुरू आहे का?"

"हाव."

"मग आज नाही घेता येणार. पाळी संपली की तालुक्याला या."

सिस्टरनं नियम पाळला. पाळीत स्लाइड घेत नाहीत, रक्तानं नीट दिसत नाही. मायही खोटं बोलली नाही, तिच्या लेखी ती पाळीच होती. दोघी खरं बोलल्या आणि माय घरी परत आली.

घरी येऊन पाळी संपायची वाट पाहत बसली.

ती संपलीच नाही.

शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाबांवर ओरडल्या, "इतने दिन क्या कर रहे थे?"

बाबांनी हात जोडले. "मॅडम, विटाळ होता जी."

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पार पसरलेला.

अंथरुणावरून माय एकच विचारायची, "माह्यं जाळं उंदरानं कुरतडलं त नाई ना?"

आज मी एका लॅबमध्ये याच कॅन्सरवर काम करते. पेशीला आवर घालणारे काही जीन असतात. त्यांच्यावर मिथाइलचे बारीक कण जाऊन बसतात आणि जीन गप्प होतो. मायक्रोस्कोपखाली पेशी अजून ठीकठाक दिसत असते, तेव्हाही आत हे सुरू झालेलं असू शकतं. ते लवकर हुडकायचं, हे आमचं काम. अजून रिसर्चच चालू आहे. एटापल्लीसारख्या आडवळणाच्या गावातल्या बाईपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

पण खरं सांगू? मायसाठी एवढी मशीन लागतच नव्हती. "बाई, तुमची पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?" एवढंच कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. आजही राग येतो. कोणावर काढू, तेच कळत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्त गेलं तर हसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

माय गेली त्या दिवशी बाबांनी खुंटीवरचं जाळं काढलं आणि तिरडीजवळ आणलं. भावकीतला एक म्हातारा पुढे आला.

"जाळं नको रे. विटाळातच गेली ते."

बाबा जन्मात कोणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले.

"विटाळ नव्हता तो! रोग होता!"

आणि जाळं तिच्या अंगावर पांघरलं.

जा माय, उतर पाण्यात. तुले आता कोणी अडवत नाई.