निळ्या दोऱ्याच्या गाठी : जायकवाडीच्या काठावरचा एक रविवार

मावशीचा फोन शनिवारी दुपारी आला. मी वाळूजच्या कारखान्यात होते, गेज तपासत.

"उद्या पहिलं जाळं हाय. ये."

"काही विशेष?"

"औंदा माझा मासा पातेल्यात जाणार हाय."

एवढं पुरेसं होतं. मी सुट्टी बदलून घेतली.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली की मावशीच्या गावात पहिल्या दिवशी प्रत्येक घर आपल्या जाळ्यातला एक मासा सामाईक पातेल्यात टाकतं. रस्सा सगळे मिळून खातात. ज्या घराचा मासा पातेल्यात, त्याच घराचा माल वर्षभर गावाच्या ढिगात जातो आणि एका भावाने विकला जातो. बाकीच्यांनी वेगळ्या ताडपत्रीवर बसायचं. व्यापारी तिकडे शेवटी वळतो. तोवर बर्फ संपलेला असतो आणि भाव पडलेला असतो. काका गेल्यापासून मावशी त्या ताडपत्रीवर बसते. काकांना एचआयव्ही होता, तिलाही आहे. काकांच्या औषधपाण्यात होडी विकली गेली. आता ती थर्माकोलच्या तराफ्यावर जाते आणि गोळ्या आणायला महिन्यातून एक दिवस शहरात येते. त्या दिवशी जाळं कोरडं.

तुम्हाला जायचं असेल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणची एसटी घ्या. साधारण दीड तास लागतो. चितेगावपर्यंत कारखाने सोबत करतात, पुढे कपाशी सुरू होते. बिडकीनला गरम भजी मिळतात, चहा मात्र फार गोड. पैठणहून काळी-पिवळी जीप करायची. ती भरल्याशिवाय सुटत नाही, घाई करून उपयोग नाही. पक्ष्यांसाठी येणार असाल तर हिवाळ्यात या.

माझी खोली विद्यापीठाच्या गेटजवळ आहे. त्या गेटवरच्या नावासाठी, नामांतराच्या लढ्यात, माणसांनी वर्षानुवर्षं मार खाल्ला. सकाळी रिक्षा तिथूनच वळली.

गावात पोहोचले तेव्हा धरणाचं पाणी वडाच्या पारापर्यंत आलं होतं. चूल पेटली होती. शेजारी गावच्या मच्छीमार संस्थेचे तात्या पातेल्यावर झाकण धरून उभे होते. मावशी ओल्या लुगड्यातच आली. हातात चांगला दोन किलोचा रोहू.

"शांता, दरवर्षी तेच नको," तात्या म्हणाले. "मला काय नाय गं. पन व्यापाऱ्याला कळलं तर सगळ्या गावाचा भाव पाडंल त्यो."

मी सांगितलं, "एचआयव्ही माशातून, जाळ्यातून, रश्श्यातून पसरत नाही."

"व्हय इंजिनेरबाई, तुमचं खरं. व्यापाऱ्याला कोन सांगनार?"

"पानीबी बदला मग," मावशी म्हणाली. "सगळं धरण उपसा. माझं जाळं त्याच पान्यात असतंय."

कुणीतरी हसलं. तात्यांनी झाकण सोडलं नाही.

मावशीने मासा माझ्या हातात दिला आणि पारावर वाळत घातलेल्या जाळ्यांकडे गेली. बंदीच्या काळात गावातली फाटकी जाळी तीच सांधते. तिच्या गाठी निळ्या दोऱ्याच्या असतात, लांबून ओळखू येतात. तात्यांच्या जाळ्यात तर निळं जास्त आणि पांढरं कमी होतं. तिने कमरेची कात्री काढली, मांडी घातली आणि पहिली गाठ कापली.

"अगं अगं, काय करती?"

"माझ्या हातचं चालत नाय ना? माझं मी काढून घेती." दुसरी गाठ. "तुमचं झालं की शेजारचं. मंग सगळ्यांचं."

"येडी झाली का? आज पहिला दिवस हाय!"

"माझाबी पहिलाच हाय."

तिसरी गाठ सुटली तसं जाळ्याला हात जाईल एवढं भोक पडलं. तात्यांची बायको, सखूकाकू, चुलीपासून ओरडली, "अवो, ते झाकण काय उरावर घिऊन जाणार हाय का? ठिवा की खाली!"

तात्यांनी झाकण खाली ठेवलं. त्यांचं मन बदललं होतं असं मला वाटत नाही. मावशीला त्यांचं मन नकोच होतं, भाव हवा होता. तिने तिथेच विळी मांडली, रोहू कापला आणि तुकडे स्वतःच्या हाताने रश्श्यात सोडले.

दोन घरं न जेवता उठून गेली. मी दोनदा वाढून घेतलं. तिखट जास्त होतं, ज्वारीची भाकरी उत्तम. सखूकाकू मावशीशेजारी बसल्या आणि मीठ कमी असल्याची तक्रार करत राहिल्या. संध्याकाळी टेम्पो आला. मावशीने आपला माल ढिगात ओतला आणि व्यापाऱ्याच्या समोरच उभी राहिली. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "रोहू ताजा हाय," एवढंच म्हणून काटा लावला.

शेवटच्या एसटीने परतले. या गावात मुक्कामाची सोय नाही, पैठणला लॉज आहेत. गावाचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण मावशीने नको म्हटलं.

काल तिचा पुन्हा फोन आला. ढिगातच जातोय माल. ती दोन घरं अजून बोलत नाहीत, पण त्यांची फाटलेली जाळी मात्र तिच्या ओट्यावर येऊन पडली आहेत.

"येताना दोरा आन," ती म्हणाली.

"निळाच ना?"

"निळा कशाला? लाल आन. धरणाच्या पल्याडून दिसंल असा."

आज गुलमंडीवरून घेतला. दुकानातला सगळ्यात भडक.